सुपरबॉयचें घर कोणतें?

सुपरमॅनचा जन्म १९३८ सालचा. त्याचें बालपण मात्र १९४५ सालचें. हें ऐकून श्रोत्यांना हसूं येईल. माणसाचें बालपण त्याच्या तारुण्यानंतर सात वर्षांनीं कसें येईल? परंतु अमेरिकेंतील चित्रकथांच्या धंद्यांत हें खरोखर घडलें, आणि त्यांतून जो घोळ उत्पन्न झाला तो निस्तरण्यांत तेथील लेखक, संपादक, वाचक आणि अखेर न्यायाधीश यांच्या दोन-तीन पिढ्या खर्चीं पडल्या. प्रश्न वरवर पाहतां पोरखेळाचा वाटतो. सुपरबॉय नांवाचा निळ्या पोशाखांतला तो मुलगा म्हणजे सुपरमॅनचेंच लहानपण कीं कोणी निराळा, आणि निराळा असल्यास कोणत्या जगांतला? पण या प्रश्नाच्या पोटांत दुसरा एक प्रश्न होता. हा मुलगा मुळांत कोणाच्या डोक्यांतून निघाला आणि कोणाच्या मालकीचा, हा तो प्रश्न. आणि त्यांत एका माणसाचें सारें आयुष्य गुंतलें होतें.

क्लीव्हलंड शहरांतील जेरी सीगल व जो शुस्टर हे दोघे तरुण मित्र. एकानें लिहावें, दुसऱ्यानें चित्रें काढावीं, असा त्यांचा क्रम. १९३८ च्या मार्च महिन्यांत त्यांनीं सुपरमॅनची पहिली तेरा पानांची कथा, आणि तिच्याबरोबर सुपरमॅनवरचे सर्व हक्क, १३० डॉलरांना विकून टाकले. जून महिन्याची तारीख घातलेल्या ‘ॲक्शन कॉमिक्स’च्या पहिल्या अंकांत ती कथा छापली गेली. तिच्या पहिल्याच पानावर नायकाचें सगळें पूर्वायुष्य आटोपलेलें आहे. नाश पावणाऱ्या एका ग्रहावरून एका शास्त्रज्ञानें आपलें तान्हें मूल पृथ्वीकडे धाडलें. मोटारींतून जाणाऱ्या एका वाटसरूला तें सांपडलें. त्यानें तें अनाथालयांत नेऊन दिलें. मूल वाढलें, मोठें झाल्यावर त्याला आपल्या अंगचें बळ उमगलें, आणि तें बळ लोकांच्या उपयोगीं लावावें असा निश्चय करून तो सुपरमॅन झाला. केंट दांपत्याचें प्रेमळ घर त्याला मिळालें तें पुढल्या वर्षीं, दुसऱ्या एका अंकांत.

बालपणाच्या या कोऱ्या जागेवर सीगलची नजर प्रथमपासून होती. १९३८ च्या नोव्हेंबरांतच त्यानें प्रकाशकांना सुचविलें कीं, सुपरमॅनच्या लहानपणच्या कथांचें एक नवें सदर काढावें; त्यांत विनोद भरपूर असावा, आणि पात्रें मोठ्या माणसांऐवजीं बारा-एक वर्षांचीं मुलें असावीं. प्रकाशकांनीं नको म्हटलें. १९४० च्या डिसेंबरांत त्यानें एक कथाच लिहून पाठविली. तीही तशीच पडून राहिली. १९४३ सालीं सीगल सैन्यांत गेला. तो हवाई बेटांत नोकरीवर असतां, १९४५ च्या जानेवारी-फेब्रुवारीच्या ‘मोअर फन कॉमिक्स’च्या १०१ व्या अंकांत सुपरबॉयची पांच पानांची पहिली कथा झळकली. सीगलला कोणीं विचारलें नव्हतें.

युद्ध संपून तो परतला, आणि १९४७ सालीं त्यानें व शुस्टरनें न्यूयॉर्क राज्यांतील वेस्टचेस्टर कौंटींत दावा लावला. तेथें पंच म्हणून नेमलेले न्यायाधीश जे. ॲडिसन यंग यांनीं काढलेला निष्कर्ष मोठा मासलेवाईक आहे. सुपरमॅन हा १३० डॉलरांच्या त्या कागदानें कंपनीचा झाला, तो झालाच. सुपरबॉय ही मात्र सीगलची स्वतंत्र कल्पना. त्याच्या संमतीवांचून ती छापण्याचा कंपनीला अधिकार नव्हता. म्हणजे एकाच माणसाचें तारुण्य एका धन्याचें आणि बालपण दुसऱ्या धन्याचें, असा निवाडा झाला! हें यश सीगलच्या हातीं फार दिवस राहिलें नाहीं. १९४८ च्या मे महिन्यांत तडजोड झाली. ९४ हजार डॉलरांहून कांहीं अधिक रक्कम घेऊन दोघां मित्रांनीं सुपरमॅन आणि सुपरबॉय या दोहोंवरचे हक्क कंपनीला लिहून दिले. अंकांवरून त्यांचीं नांवें गेलीं. पुढच्याच वर्षीं सुपरबॉयच्या नांवाचें स्वतंत्र नियतकालिक निघालें.

मूळ मालिकेला फुटलेली ही फांदी अशी जोमानें वाढली कीं, तिचा भार खोडावर पडूं लागला. स्मॉलव्हिल हें गांव १९४९ सालीं, लाना लँग ही बालमैत्रीण १९५० सालीं, क्रिप्टो हा उडणारा कुत्रा १९५५ सालीं, अशा एकेक गोष्टी सुपरबॉयच्या पानांत जन्मल्या आणि मागाहून सुपरमॅनच्या चरित्रांत जाऊन बसल्या. मूळ चरित्रकारानें जें लिहिलेंच नव्हतें तें आतां नायकाला आठवूं लागलें. अर्थात् विसंगति आल्या. १९४९ च्या अखेरीस सुपरमॅनच्या ६१ व्या अंकांत तो पुरता वाढलेला नायक आपण क्रिप्टन ग्रहावर जन्मलों हें आयुष्यांत प्रथमच शोधून काढतो. उलट १९५५ च्या मार्चमधील सुपरबॉय त्याच ग्रहावरून आलेला आपल्या घरचा कुत्रा बालवयांतच ओळखून घेतो. जें मुलाला ठाऊक तें मोठेपणीं त्यालाच ठाऊक नाहीं!

संपादकांना या गोष्टीची फारशी फिकीर नव्हती. आपला वाचक शाळकरी. चार-पांच वर्षांनीं तो ही वाचनाची आवड सोडणार, त्याच्या जागीं नवा येणार, आणि जुना अंक रद्दींत जाणार, असा त्यांचा हिशेब होता. सुपरमॅनच्या मासिकांचे संपादक मॉर्ट वाइझिंगर यांच्या कारकीर्दींत तर एक निराळाच प्रकार रूढ झाला होता. नायकाला मारावयाचें किंवा त्याचें लग्न लावावयाचें असेल तर त्या कथेच्या माथ्यावर ‘ही काल्पनिक कथा आहे’ असें छापीत. बाकीच्या जणूं काय पोलिसांच्या रोजनाम्यांतून उतरवून घेतलेल्या! पण या हास्यास्पद शिक्क्यानें एक गोष्ट नकळत मान्य केली. कल्पित गोष्टींतही ‘घडलेल्या’ आणि ‘न घडलेल्या’ असे दोन वर्ग असतात, आणि कोणती गोष्ट कोणत्या वर्गांत जाते याविषयीं वाचकाला आस्था असते.

पुराणांत एकच कथा दोन ठिकाणीं दोन तऱ्हांनीं आली कीं टीकाकार ‘कल्पभेद’ म्हणून तिची वाट लावून देतात: एका कल्पांत असें घडलें, दुसऱ्या कल्पांत तसें. अमेरिकन चित्रकथाकारांनीं याच जातीची युक्ति १९६१ सालीं योजली, आणि तीही सुपरमॅनच्या नव्हे तर फ्लॅश नांवाच्या वेगवान् नायकाच्या निमित्तानें. फ्लॅशचें जुनें मासिक १९४९ सालीं बंद पडलें होतें. १९५६ सालीं त्याच नांवाचा पण निराळ्या व्यक्तीचा नवा फ्लॅश आला. १९६१ च्या सप्टेंबरच्या अंकांत लेखक गार्डनर फॉक्स, चित्रकार कार्माइन इन्फँटिनो व संपादक ज्युलियस श्वार्ट्झ यांनीं या दोघांची गांठ घालून दिली. नवा फ्लॅश वेगाच्या भरांत एका जुळ्या पृथ्वीवर जाऊन पोंचतो. तेथें जुना फ्लॅश निवृत्त होऊन सुखानें संसार करीत असतो. नव्यानें जुन्याचे पराक्रम लहानपणीं चित्रकथांत वाचलेले असतात, आणि त्या कथा लिहिणारे गृहस्थ म्हणजे खुद्द गार्डनर फॉक्सच! त्यांना झोपेंत पलीकडचें जग दिसत असावें, असा खुलासाही कथेंतच केलेला आहे. १९६३ पासून या जगांना क्रमांक मिळाले. वयानें वडील जग ‘पृथ्वी-दोन’ ठरलें आणि धाकटें ‘पृथ्वी-एक’. क्रमांक घालणारी लेखणी धाकट्या जगाच्या बाजूला बसली होती, याखेरीज त्याला कारण दिसत नाहीं.

फ्लॅशच्या बाबतींत दोन जगांची सीमा स्पष्ट होती, कारण मधलीं कांहीं वर्षें कोरीं होतीं. सुपरमॅनचें प्रकाशन मात्र १९३८ पासून एक महिनाही खंडलें नव्हतें. मग कोणत्या अंकापर्यंतचा सुपरमॅन जुन्या पृथ्वीचा, आणि कोणत्या अंकापासूनचा नव्या? वाहत्या नदींत रेघ कोठें ओढावयाची? १९६९ च्या ऑगस्टमध्यें पृथ्वी-दोनचा सुपरमॅन स्वतंत्र व्यक्ति म्हणून पानावर अवतरला. पुढें त्याच्या कानशिलांवर पांढरे केस आले. १९७८ सालीं त्याचें लुइस लेनशीं झालेलें लग्न सांगण्यांत आलें, आणि त्या कथेवर काल्पनिकतेचा शिक्का नव्हता. हा प्रौढ सुपरमॅन ‘डेली स्टार’ नांवाच्या वर्तमानपत्रांत काम करतो. पहिल्या वर्ष-दोन वर्षांच्या कथांतलें वर्तमानपत्र तेंच होतें. ‘डेली प्लॅनेट’ मागाहून आला, आणि त्याचा संपादक पेरी व्हाइट हा तर प्रथम १९४० च्या नभोवाणीवरील सुपरमॅन-मालिकेंत बोलला व नंतर कागदावर उतरला. वर्तमानपत्राचें नांव, संपादकाचें नांव, छातीवरील चिन्हाचा आकार, अशा खुणा गोळा करून वाचक जुन्या अंकांची वांटणी करूं लागले. संपादकवर्गांत ई. नेल्सन ब्रिडवेल यांचा या विषयांतला अधिकार सर्वमान्य होता. वडिलोपार्जित जमिनीचे जुने कागद तपासणाऱ्या कारकुनाची चिकाटी या कामाला लागे, आणि तसलाच आनंदही त्यांत असे.

या वांटणींत सुपरबॉय हा मुख्य दगड ठरला, ज्यावरून बांध घालावयाचा. पहिल्या अंकांतला नायक मोठा झाल्यावरच पोशाख चढवितो. अर्थात् पृथ्वी-दोनवर सुपरबॉय झालाच नाहीं. तेव्हां सुपरबॉयच्या सगळ्या कथा, १९४५ सालच्या त्या पहिल्या पांच पानांसकट, पृथ्वी-एकच्या. हा निकाल तर्काला धरून आहे. त्यासाठीं कथांबाहेरचा पुरावा लागत नाहीं, हा त्याचा मोठा गुण. पण त्याचा परिणाम पाहा. १९४५ सालीं एकाच कंपनीनें काढलेल्या अंकांपैकीं सुपरमॅनचा अंक एका विश्वांत गेला आणि सुपरबॉयचा दुसऱ्या. ‘पृथ्वी-एक’ हें नांव उच्चारलें जाण्यापूर्वीं अठरा वर्षें तिचा इतिहास सुरू झाला. ज्या फांदीला मूळ मालिकेची पुरवणी समजत होते, ती फांदीच नव्या विश्वाचें आद्य प्रकरण होऊन बसली. १९४९ चा तो ६१ वा अंक कोणत्या बाजूस टाकावा, याचा मात्र ज्यानें त्यानें आपापल्या मतानें निकाल लावला.

याच सुमारास खुद्द सीगल कोठें होता? १९५९ च्या सुमारास, पैशाच्या ओढग्रस्तींत, तो कंपनीच्या दारीं परत आला होता आणि पानांच्या हिशेबानें, नांवाशिवाय, सुपरमॅन-परिवाराच्या कथा लिहीत होता. लूथर हा सुपरमॅनचा वैरी बालपणीं स्मॉलव्हिलमध्येंच राहत होता, सुपरबॉयच्या हातून झालेल्या एका प्रसंगांत त्याचे केस गेले, आणि त्या रागांतून वैर उपजलें, ही १९६० सालची कथा सीगलचीच. स्वतःची कल्पना त्यानें दुसऱ्याची नोकरी म्हणून लिहिली. आणि ती इतकी चांगली उतरली कीं पुढें पंचवीस वर्षें लूथरचें चरित्र त्याच पायावर उभें राहिलें. १९७५ च्या डिसेंबरांत, वृत्तपत्रांतून ओरड झाल्यावर, कंपनीनें दोघां मित्रांना दरसाल वीस हजार डॉलरांचें वेतन बांधून दिलें आणि सुपरमॅनवर त्यांचीं नांवें पुन्हां घातलीं.

इकडे जगांची संख्या वाढत गेली. दोनाच्या तीन, तिहींच्या अनेक पृथ्व्या झाल्या, आणि नव्या वाचकाला हें सारें झेपत नाहीं असें कंपनीच्या मनानें घेतलें. १९८५-८६ सालीं मार्व्ह वुल्फमन व जॉर्ज पेरेझ यांच्या बारा अंकांच्या कथेंत सर्व विश्वांचा संहार होऊन एकच विश्व उरलें. १९८६ सालीं जॉन बर्न यांनीं सहा अंकांत सुपरमॅनचें चरित्र पुन्हां पहिल्यापासून लिहिलें. त्यांत नायक थेट मोठेपणींच पोशाख घालतो. सुपरबॉय मेला नाहीं, हरवला नाहीं. तो कधीं झालाच नव्हता. बर्न यांचा युक्तिवाद असा मांडतां येईल कीं त्यांनीं १९३८ च्या पहिल्या पानाकडेच परत पाऊल टाकलें, आणि तो अगदींच खोटा नव्हे. परंतु कांटा दुसरीकडे रुतला.

१९५८ सालीं ओटो बाइंडर व अल प्लॅस्टिनो यांनीं सुपरबॉयच्या एका कथेंत तिसाव्या शतकांतून आलेलीं तीन मुलें आणलीं. सुपरबॉयच्या कीर्तीनें भारून जाऊन त्यांनीं आपल्या काळांत तरुण वीरांचें एक मंडळ काढलें होतें, आणि त्याला सभासद करून घेण्यासाठीं तीं स्मॉलव्हिलला आलीं होतीं. हें मंडळ पुढें एवढें लोकप्रिय झालें कीं त्याचें स्वतःचें मासिक चालूं लागलें. म्हणजे फांदीला फांदी फुटली. आतां ज्याच्या प्रेरणेनें मंडळ निघालें तो मुलगाच झाला नाहीं म्हटल्यावर मंडळाचें काय? एकोणतीस वर्षें तीं मुलें कोणाच्या खांद्याला खांदा लावून लढलीं?

मंडळाचे लेखक पॉल लेव्हिट्झ आणि बर्न यांनीं १९८७ सालीं चार अंकांत याचें उत्तर दिलें. मंडळाच्या एका जुन्या शत्रूनें, काळावर सत्ता चालविणाऱ्या टाइम ट्रॅपरनें, एक छोटेखानी कृत्रिम विश्व निर्माण केलें होतें. मंडळीं भूतकाळांत जात तेव्हां तीं न कळत या विश्वांत वळविलीं जात, आणि तेथला सुपरबॉय हाच आपला इतिहासांतला सुपरबॉय असें समजत. सत्य उघडकीस येतें, तो मुलगा आपल्या जगासाठीं आणि मित्रांसाठीं प्राण देतो, आणि मंडळ त्याला मूठमाती देतें. युक्ति चतुर होती यांत संशय नाहीं. पण तिची किंमत कोणीं भरली तें पाहावें. मुलगा खरा होता, मैत्री खरी होती, फक्त जग खोटें होतें, असें सांगून लेखकांनीं वाचकाच्या आठवणी वांचविल्या. घर मात्र काढून घेतलें. इतकेंही संपादकांना पुढें खपलें नाहीं. १९९० च्या सुमारास मंडळाच्या इतिहासांतून सुपरबॉयचा उल्लेखच पुसण्यांत आला, प्रेरणेचा मान व्हॅलर या दुसऱ्याच वीराला देण्यांत आला, आणि १९९४ सालीं मंडळाची कथाच नव्यानें आरंभावी लागली. एक वीट काढली कीं भिंत किती ढासळते याचा अंदाज पहिल्या दिवशीं कोणालाच नव्हता. १९९३ सालीं सुपरबॉय हें नांव मृत सुपरमॅनची नक्कल म्हणून प्रयोगशाळेंत वाढविलेल्या एका निराळ्याच मुलाला देऊन झालें होतें.

सीगल १९९६ च्या जानेवारींत वारला. अमेरिकेच्या कायद्यांत, जुन्या काळीं दिलेले हक्क ठराविक मुदतीनंतर लेखकाच्या वारसांना परत मागतां येतात. त्याच्या पत्नीनें व मुलीनें २००२ सालीं सुपरबॉयविषयीं तशी नोटीस दिली, आणि साठ वर्षांपूर्वींचा प्रश्न पुन्हां न्यायासनापुढें आला. सुपरबॉय ही स्वतंत्र निर्मिति नसून सुपरमॅनपासून निघालेली गोष्ट आहे, असा कंपनीच्या बाजूनें एक मुद्दा होता. ज्या मुलाला १९८६ सालीं सुपरमॅनच्या चरित्रांत जागाच नाहीं असें ठरविलें, त्याचें सुपरमॅनशीं असलेलें नातें आतां कागदोपत्रीं सिद्ध करावयाचें होतें! २००६ सालीं निकाल वारसांच्या बाजूनें लागला. २००७ सालीं दुसऱ्या न्यायाधीशांनीं त्याचा फेरविचार करून तो फिरविला. पुढें २०१३ सालीं अपील-न्यायालयानें २००१ सालचें एक पत्र हाच उभयपक्षीं पक्का करार धरला, आणि वारसांची मागणी त्यांत विरघळली.

दरम्यान कथेंत १९८६ चा निर्णयही बदलला होता. जेफ जॉन्स व गॅरी फ्रँक यांनीं २००९-१० सालीं सुपरमॅनचें पूर्वचरित्र पुन्हां सांगितलें. त्यांत तिसाव्या शतकांतलीं तीं तीन मुलें स्मॉलव्हिलला परत येतात आणि एकाकी क्लार्कला आपल्या काळांत घेऊन जातात. तेथें, भविष्यांत, तो सुपरबॉय असतो. घरीं आल्यावर तो साधा शेतकऱ्याचा मुलगा, आणि गांवांत कोणालाही त्याचा पत्ता नसतो. अलीकडे सुपरबॉय ज्या अंकांत येतो त्यांच्या श्रेयनामावलींत एक ओळ छापलेली आढळते: सुपरबॉयचे निर्माते जेरी सीगल, आणि तिच्या खालीं, सीगल कुटुंबाशीं झालेल्या विशेष व्यवस्थेनुसार.